एस्टी इली काय गो?

काकू, मी समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. क्षेत्रकार्यासाठी कॉलेजने चार आठवडे एका वृद्धाश्रमात पाठवलंय. समुद्र हाकेवर, पाऊस दिवसरात्र. २६ आजी-आजोबा, दिवसा तीन मावश्या, रात्री एकच. आज नववा दिवस. तिसऱ्या दिवशी एका आजोबांना साफ करताना मावशींना मदत केली आणि मागे रतांब्याच्या (कोकमाच्या) झाडाखाली जाऊन ओकले. तेव्हापासून माझीच मला लाज वाटते. एक आजी रोज पाच वाजले की पिशवी घेऊन दारात उभ्या राहतात आणि विचारतात, ‘एस्टी इली काय गो?’ मी म्हणते, ‘उद्या येतली.’ रोज खोटं. दुसरे एक आजोबा आहेत, लकव्याने उजवी बाजू गेलेली, बोलता येत नाही. एक मावशी त्यांना आडवं ठेवूनच घाईघाईत पेज भरवते. ते खोकत राहतात. लघवीची नळी ओढतात म्हणून रात्री त्यांचा डावा हात पंचाने खाटेला बांधते. मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर तिची नोकरी जाईल. घरी बाबा म्हणतात, ‘आपल्याकडे म्हाताऱ्यांना कोणी टाकत नाही, तू तिथे जाऊन काय शिकतेस?’ कोर्स सोडू का? आजींना मी सांगितलंय की गणपतीत भेटायला येईन. तेवढं एक बरं केलं असं वाटतं.
– एक विद्यार्थिनी, सिंधुदुर्ग

(गावाचं आणि संस्थेचं नाव पत्रात होतं. ते मी काढलंय.)

बाय,

तुझ्या पत्रातली एक गोष्ट आजच्या आज करायची आहे, म्हणून ती आधी घेते. तुझी लाज, बाबा आणि कोर्स दोन दिवस थांबले तरी चालतील. ते आजोबा थांबू शकत नाहीत.

लकव्याच्या माणसाचा घसाही पुष्कळदा अर्धा झोपलेला असतो. आपण गिळतो तेव्हा श्वासनळीवर झाकण पडतं आणि घास अन्ननलिकेत जातो. त्यांचं झाकण उशिरा पडतं. आडवं ठेवून भरवलं की घास त्याआधीच खाली उतरतो आणि चुकीच्या वाटेने फुप्फुसात जातो. तो खोकला म्हणजे त्यांचं शरीर घास परत बाहेर ढकलायचा प्रयत्न करतंय. ढकलायची ताकद संपली की खोकला थांबतो, आणि सगळ्यांना वाटतं आजोबा आता छान जेवतात. चार दिवसांनी ताप भरतो. न्यूमोनिया. मी ३४ वर्षं परिचारिका होते, त्यात हे किती वेळा पाहिलं याची मोजदाद ठेवलेली नाही.

आणि त्यात पेज. आपल्याकडे आजारी माणसाला पहिल्यांदा आठवते ती उकड्या तांदळाची पेज. तुला-मला तिच्याहून हलकं काही नाही. पण अशा घशाला पेजेसारखं अवघड काही नाही, कारण तिच्यात दोन पदार्थ आहेत. निवळ पाणी पुढे पळतं आणि शीत मागे रेंगाळतं. अर्ध्या घशाने दोघांना एकदम सांभाळायचं कसं? नुसतं पाणी, ताक, सोलकढी हेही असंच पळणारं. तीच पेज शितासकट घोटून दाटसर केली, चमचा उलटा केल्यावर हळूच पडेल इतपत, की ती सावकाश उतरते. किती दाट करायची हे आश्रमात येणाऱ्या डॉक्टरांना विचारायला सांग. माझ्या पत्रावरून तू ठरवू नकोस.

भरवायचं कसं ते मात्र सांगते. ताठ बसवायचं, उजव्या कुशीला उशी, नाहीतर त्या बाजूला कलंडतात. तू उभी राहून भरवू नकोस. उभं राहून भरवलं की ते वर बघतात आणि वर बघितलं की श्वासनळी उघडी पडते. समोर स्टूल घे, त्यांच्या नजरेच्या जरा खाली बस, हनुवटी आपोआप खाली येते. अर्धा चमचा, तोंडाच्या डाव्या बाजूने. आता चमचा वाटीत ठेव आणि त्यांच्या गळ्याकडे बघ. कंठमणी वर जाऊन खाली येईल. तो आला की घास गेला. तो येईपर्यंत दुसरा चमचा नाही, मग बाहेर आभाळ कोसळलं तरी. मधेच आवाज ओला, गरगर वाजायला लागला तर थांबायचं. शेवटी उजव्या गालात बघायचं. त्या गालाला कळत नाही, त्यामुळे भात तिथे तसाच साठून राहतो. तो काढून तोंड पुसायचं, आणि मग अर्धा तास बसलेलेच. लगेच आडवं करायचं नाही.

याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. मावशीकडे ती नाहीत. तिच्याकडे दुपारी आठ-नऊ जणांची जेवणं असतात, शिवाय धुवायचे कपडे, आणि आषाढात न वाळणाऱ्या चादरी. ती दुष्ट असेल असं मला तुझ्या पत्रावरून वाटत नाही. तिला कुणी शिकवलेलं नसावं आणि तिच्या हाताखाली कुणी नाही.

म्हणून आज दुपारी असं कर. तिला म्हण, ‘मावशी, आजोबांचं जेवण मी बघू? तुमचं तेवढं काम हलकं होईल.’ नाही म्हणणार नाही ती. पण तेवढ्यावर थांबू नकोस. तू चार आठवड्यांची पाहुणी आहेस, तुझ्यानंतर आजोबा पुन्हा आडवेच जेवतील. आजच संध्याकाळी व्यवस्थापकांना भेट आणि आजच कॉलेजच्या मार्गदर्शक मॅडमना फोन कर. दोघांना सांग, एकालाच नाही. सांगताना ‘मावशी वाईट वागते’ असं म्हणायचं नाही. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगायचं: अमुक तारखेला, अमुक वाजता, आजोबांना आडवं भरवताना पाहिलं, ते इतका वेळ खोकत होते. तुझ्या क्षेत्रकार्याच्या वहीतही असंच लिही. ‘पाहिलं’ एका बाजूला, ‘वाटलं’ दुसऱ्या बाजूला. दोन्हींची सरमिसळ झालेले अहवाल मी खूप वाचलेत, ते कुणाच्याच कामाला येत नाहीत.

आता बांधलेला हात. इथे मी मावशीची बाजू समजून घेईन, पण घेणार नाही. उजवी बाजू गेली की पुष्कळदा बोलणंही जातं, कारण दोन्हींचा कारभार मेंदूच्या डाव्या अर्ध्याकडे. म्हणजे या माणसाकडे आता मालकीची एकच गोष्ट राहिली आहे, डावा हात. डास हाकलायला तोच, पांघरूण ओढायला तोच, ‘नको’ म्हणायलाही तोच. तो रात्रभर पंचाने बांधलेला. कुशीवर वळता येत नाही, मग माकडहाड आणि टाचा एकाच जागी दाबल्या जातात. निजलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते ती त्याचसाठी. उद्या दिवसा आंघोळीच्या वेळी मावशींना त्यांची पाठ बघायला सांग. लाल डाग दिसला तर बोटाने दाबायचा. दाबल्यावर पांढरा होऊन पुन्हा लाल झाला तर अजून वेळ आहे. लाल तो लालच राहिला तर जखमेची सुरुवात झाली, डॉक्टरांना लगेच दाखवायचं.

व्यवस्थापकांपुढे हाताचा विषय काढताना पहिला प्रश्न नळीचा विचार: ती अजून लागतेच आहे का? पुष्कळ वेळा दवाखान्यातून घातलेली नळी कुणी काढायची हे कुणी ठरवतच नाही. लागत असेल तर मांडीला चिकटपट्टीने नीट धरून पायजम्याच्या आतून घ्यायची, हाताला सापडत नाही. आणि हातात काहीतरी द्यायचं, नॅपकिनची घट्ट गुंडाळी चालते. रिकामा हात नळी शोधतो. सगळं करून रात्रीच्या एका मावशीचा प्रश्न उरतोच. २६ माणसं आणि एक बाई. ते संस्थेने सोडवायचं आहे, मावशीने पंचाने नव्हे. व्यवस्थापकांनी कानाडोळा केला आणि कॉलेजही गप्प बसलं तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, तिला पैसे पडत नाहीत. पण मला वाटतं तिथवर जावं लागणार नाही.

मावशीची नोकरी जाईल ही तुझी भीती खोटी नाही. पण आजोबांना न्यूमोनिया झाला तर कुणाला बोल लागेल? त्या दिवशी तिच्या बाजूने बोलायला कुणी नसेल. आज तू बोललीस तर निदान ‘तिला शिकवा, तिच्या जोडीला माणूस द्या’ एवढं तरी म्हणता येईल. म्हणच ते.

आता रतांबा. पहिल्या वर्षी मी वॉर्डातल्या सिंकमध्ये ओकले होते, तू निदान बाहेर गेलीस. नाकाला शिकायला वेळ लागतो. रिकाम्या पोटी त्या कामाला जाऊ नकोस, पेजेचे चार घोट तरी घेऊन जा. मास्क लाव, आणि मास्कच्या आत वरच्या ओठावर व्हिक्सचं बोट फिरव. आम्ही सगळ्या तेच करायचो. पाणी, कपडे, जुने पेपर सगळं हाताशी ठेवूनच सुरुवात करायची, मधेच शोधाशोध झाली की वास वाढतो. आणि अंगावर चादर ठेवायची, धुवायचा तेवढाच भाग उघडा. ती चादर त्यांच्यासाठी असते. तुला वास आला तेव्हा त्यांना काय वाटत होतं, याचा विचार केलास का? ७५-८० वर्षांचा माणूस, नातीच्या वयाची मुलगी, आणि तिचं ते तोंड फिरवणं. तुला रागावत नाही मी. पण दोघांनाही लाज वाटत होती, एवढं लक्षात घे. पुढच्या वेळी बोलत राहा, पावसाबद्दल, भाताच्या लावणीबद्दल, कशाबद्दलही.

तरीही हे स्पष्ट सांगते: पुरुषांची आंघोळ आणि साफसफाई तुझ्या क्षेत्रकार्यात येत नाही. मदत केलीस ते चांगलं, रोज करायला सांगत असतील तर मॅडमना सांग. गोळ्या वाटायच्या नाहीत, इन्सुलिनला हात लावायचा नाही, आणि एकटीने कुणालाही उचलायचं नाही. कंबर एकदा गेली की गेली, माझी बघ.

आजींच्या एसटीवर मी दोन दिवस विचार केला. तू ‘उद्या येतली’ म्हणालीस यात फार मोठं पाप नाही. पण ते उपयोगाचं नाही. ‘उद्या’ म्हटल्यावर आजीला पिशवी घेऊन परत आत जायचं असतं, आणि ते रोज नव्याने. काही जण खरं सांगायला जातात, ‘आजी, तुमचं घर आता नाही.’ ते तर करूच नकोस. विसरणाऱ्या माणसाला दुःख तेवढंच ताजं असतं, बातमी मात्र दर वेळी पहिल्यांदाच ऐकतो तो.

पाच वाजता हे का होतं? स्मृतिभ्रंशाच्या माणसांची घालमेल दिवस कलल्यावर वाढते. दिवसभराचा शीण असतो, उजेड कमी होतो, ओळखीच्या वस्तू अनोळखी दिसायला लागतात. आमचे डॉक्टर त्याला इंग्रजी नाव सांगायचे. मला विचारशील तर आपल्या आजींच्या बाबतीत त्यात आणखी एक गोष्ट आहे. पाच म्हणजे दिवेलागणीच्या आधीचा तास. गुरं परत येणार, परड्यातलं आवरायचं, चूल पेटवायची, दिवा लावायचा, पोरं ‘शुभंकरोती’ला बसवायची. साठ वर्षं हा तास जिने घरात काढला, तिला तो आश्रमाच्या व्हरांड्यात बसून कसा काढता येईल? ‘माका घराक जावचा आसा’ म्हणजे पुष्कळदा ‘माझी कामं राहिलीत.’

तेव्हा साडेचारलाच त्यांच्याकडे जा. अंधारून यायच्या आत खोलीतला दिवा लाव, पावसात तर चारलाच. पाणी दे, म्हाताऱ्यांना तहान कळत नाही. लघवीला नेऊन आण. मग कापूस पुढे ठेव आणि म्हण, ‘आजी, वाती करून देशात?’ बोटं विसरत नाहीत. वाती नाहीत तर कुळीथ निवडायला दे. तरी उठल्या तर अडवू नकोस. छत्री घे, त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत जा, रस्ता बघ, परत या. अर्ध्या वेळा तेवढंच पुरतं. आणि एखाद्या दिवशी अचानक नेहमीपेक्षा फार बिथरल्या, भलतंच बोलायला लागल्या तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. म्हातारपणी लघवीचा संसर्गही असा डोक्यावाटे बाहेर येतो. त्याच दिवशी डॉक्टर.

बाबांशी भांडू नकोस. त्यांना एवढंच विचार की आपल्या वाडीत कुलूप लागलेली घरं किती? २००१ ते २०११ या दहा वर्षांत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाची कमी झाली. तरणे मुंबईला, पुण्याला, गोव्याला. पडवीत एक म्हातारी, तिच्या उशाशी एक मोबाइल, आणि शेजारणीला दर महिन्याला पाचशे रुपये ‘लक्ष ठेव’ म्हणून. याला आपण टाकणं म्हणत नाही. आणि खरंच कुणी टाकत नसतं तर २००७ साली तसा कायदा करावा लागला नसता: सांभाळ न करणाऱ्या मुलांविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, आणि टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तुझ्या २६ जणांत मुलं असलेले किती, नसलेले किती, हे तू अजून विचारलं नसशील. काही बिनलग्नाचे असतील. एखादे गिरणीतले असतील, १९८२ च्या संपानंतर गावी परतलेले आणि मग भावांच्या संसारात उपरे झालेले. ‘टाकलेले’ हा एकच शब्द सगळ्यांना लावला की बाबांचं काम सोपं होतं.

कोर्स सोडायचा असेल तर चार आठवडे पुरे करून सोड. नऊ दिवसांवर ठरवू नकोस, एवढंच माझं मत आहे.

आता तुझ्या पत्रातली शेवटची ओळ. तुला ती सगळ्यात बरी वाटते, मला ती सगळ्यात जड गेली.

मी शिकत होते तेव्हा बायकांच्या वॉर्डात एक म्हातारी होती. मांडीचं हाड मोडलेलं, माणसं कुणी येत नव्हती. दुपारचं जेवण मी भरवायचे. एका शनिवारी सुटीला घरी निघाले आणि सहज म्हटलं, ‘आजी, सोमवारी येते हां.’ सोमवारी मला दुसऱ्या वॉर्डात रात्रपाळी लावली. सांगायला पाच मिनिटं लागली असती, गेले नाही. गुरुवारी तिथल्या सिस्टर जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, ‘तुझी आजी सोमवारी जेवली नाही. ती येणाराय म्हणाली. ताट तसंच झाकून ठेवायला लावलं.’ त्या बाईला पुढे बरं वाटलं, घरीही गेली. वाईट असं काही झालं नाही. पण झाकलेलं ताट मला अजून दिसतं.

आपल्या मुलखात येईन म्हणणं फार स्वस्त आहे, बाय. मेपर्यंत येतो, शिमग्याला येतो, यंदा गणपतीला नक्की. तुझ्या आश्रमातली प्रत्येक आजी हे ऐकतच तिथे पोचली आहे. गणपतीत तुझ्या घरी पाहुणे असतील, आरत्या असतील, गौरी-विसर्जनाला तुला आई सोडणार नाही, आणि तुला त्या पाच दिवसांत पिशवी घेऊन दारात उभी असलेली बाई आठवेलच असं नाही. ती एसटीचं विसरेल, नातवाचं नाव विसरेल, तुझंही विसरेल. पण कुणीतरी यायचं होतं हे मात्र राहतं. कुठे राहतं ते मला माहीत नाही, पण राहतं.

तेव्हा आतापासून उलटं कर. जायची तारीख आजच सगळ्यांना सांग. ज्यांना कळतं त्यांच्यासाठी जेवणघरातल्या कॅलेंडरवर तेवढ्या दिवसाला गोल कर. लपून, दुपारच्या झोपेच्या वेळी निघून जाऊ नकोस, अनेक विद्यार्थी तसे जातात आणि त्याला ‘त्यांना त्रास नको’ म्हणतात. सकाळी जा, एकेकाच्या खाटेशी उभी राहा, ‘मी आज जाते’ म्हण. ‘येते’ नाही म्हणायचं. आपल्याकडे ‘जाते’ म्हणू नये असं आई शिकवते, तिथे म्हण. कुणी रडलं तर रडू दे. आणि गणपतीत यायचंच असेल तर ये की, कुणी अडवलंय? फक्त न सांगता ये. लाडू असतील तर मऊ आण, दात नाहीत कुणाला.

तू आजोबांचं सांगून आलीस की मला दोन ओळी लिही, वाट बघते. त्यात आणखी एक लिही. त्या आजी एसटीची वाट बघतात, पण गाडी कुठल्या गावची ते तुझ्या पत्रात कुठेच नाही. वाती करता करता विचार.

– काकू